लस घेतली म्हणून रक्तदान शिबिरातून परत पाठवलं. नेमका नियम काय?

अनगोळकर | सोमवार, रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. गणपतीच्या तोंडावर आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं, ते काल झालं. नावं दिली होती नव्वद जणांनी, आले सत्तरएक, पिशव्या भरल्या ४८. हिमोग्लोबिन, बीपी, रात्रीचं जागरण ही नेहमीची गळती. यंदा खरं निराळंच झालं. नऊ जणांना लशीवरून परत पाठवलं.

एकाच्या पायात रोप लावताना खिळा गेलेला, त्यानं आठ दिवसांपूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं. एकाला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या रात्री कुत्रं चावलेलं. त्याचा कोर्स कधीच संपलाय, तरी त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी ये. एक नर्सिंगची मुलगी, हिपॅटायटिस बीचा डोस घेऊन आठवडा झालेला. एक काका मुलीकडे परदेशी जाणार म्हणून फ्लूची लस टोचून आलेले. ते तर माझ्यावरच तापले. "सत्तेचाळीस वेळा रक्त दिलंय, मला शिकवालास?" खुर्च्या मी लावल्या, बॅनर मी बांधला, शिव्याही मीच खाल्ल्या.

वर आज सकाळी एका पेशंटच्या मुलाचा फोन. "तुमच्या शिबिरात कोविडची लस न घेतलेला कोण डोनर होता काय? आम्हाला त्याचंच रक्त पाहिजे." मी फोन घेऊन तसाच उभा राहिलो.

तर विचारायचंय दोन गोष्टी. कुठल्या लशीला किती दिवस थांबायचं, ते कुणी एकदा सरळ सांगेल काय? आणि असं एकेकाला परत पाठवत राहिलं तर रक्ताचा तुटवडा आपणच करत नाही काय?

दुसरं_रेल्वेगेट | सोमवार, रात्री ९:२०
गेट पडलंय, वाचत बसलोय. पहिला नंबर माझा.

म्हशीवाला | सोमवार, रात्री ९:४१
आमच्या म्हशीला परवा लाळ्या-खुरकुताची लस दिली. मी रोज तिचं दूध पितो. मला किती दिवस थांबावं लागेल?

दुसरं_रेल्वेगेट | सोमवार, रात्री ९:४३
@म्हशीवाला, तुम्ही नाही, म्हशीनं थांबायचं. नाव नोंदवलंय काय तिनं?

लॅबमधला | सोमवार, रात्री १०:३०
मी बेळगावातल्या एका ब्लड बँकेत वीस वर्षं काढलीत. कुठल्या ते विचारू नका, नोकरी आहे.

मेलेले जंतू किंवा त्यांचा निष्प्रभ केलेला अंश वापरून केलेली लस असेल, म्हणजे धनुर्वात, घटसर्प, फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाची, मुलींना देतात ती एचपीव्हीची, तर १४ दिवस. दुबळा केलेला खरं जिवंत विषाणू असेल, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, तोंडातून द्यायचा पोलिओ, आफ्रिकेला जाताना घेतात ती पीतज्वराची, तर २८ दिवस. हे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे २०१७ चे निकष. साऱ्या देशाला एकच. बेळगावला निराळे आणि कोल्हापूरला निराळे असं नाही.

फरक का, ते समजलं की भांडण मिटतं. जिवंत लशीतला विषाणू काही दिवस रक्तात फिरू शकतो. धडधाकट माणसाला त्याचं काही नाही. खरं ते रक्त जातं कुणाला? केमोवरच्या पेशंटला, बाळंतिणीला, चार दिवसांच्या पोराला. मेलेल्या लशीत ही भीती नाही. तिथं थांबवतात ते एवढ्यासाठी, की लशीमुळे आलेली कणकण आणि खऱ्या आजाराची कणकण शिबिरातल्या डॉक्टरला दोन मिनिटांत वेगळी करता येत नाही.

कुत्रं चावलेल्याची गोष्ट निराळी. त्याला लशीमुळे थांबवलेलं नाही, चाव्यामुळे थांबवलंय. रेबीज अंगात महिनोन्‌महिने गप्प बसू शकतो, म्हणून एक वर्ष.

नर्सिंगच्या मुलीचं कारण मजेशीर आहे. हिपॅटायटिस बीची लस म्हणजे त्या विषाणूच्या बाहेरचं एक प्रथिन. आम्ही रक्तात तपासतो तेही तेच प्रथिन. डोसनंतर काही दिवस तपासणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. मग पिशवी फेकायची, आणि त्या पोरीच्या जिवाला घोर. तिनं तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत.

फोनवाल्याबद्दल उद्या लिहितो. आता नाइट आहे.

खानापूरवाला | सोमवार, रात्री ११:०५
लॅबमधला, फार झकास लिहिलंसा. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला साप चावलेला माणूस चार दिवसांनी घरी येतो आणि सांगतो, मला 'लस' दिली. ती लस नव्हे, प्रतिविष. त्यालाही थांबायला लागतं ना?

लॅबमधला | मंगळवार, सकाळी ६:५०
होय, २८ दिवस. धनुर्वाताच्या तयार सीरमलाही (म्हणजे आयत्या अँटिबॉडी टोचतात ते) २८, आणि धनुर्वाताच्या साध्या इंजेक्शनला १४. म्हणून शिबिरात "इंजेक्शन घेतलंय" एवढंच सांगू नका, चिठ्ठी दाखवा.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ८:१५
थोडा विरोध करतो. अमेरिकेत धनुर्वात, फ्लू, कोविड यांची लस घेतलेला माणूस ठणठणीत असेल तर त्याच दिवशी रक्त देऊ शकतो. लॅबमधला स्वतःच म्हणालाय की मेलेल्या लशीत भीती नाही. मग आपल्याकडं १४ दिवस कशाला?

२०२१ आठवा. मार्चमध्ये परिषदेनं सांगितलं, कोविडच्या शेवटच्या डोसनंतर २८ दिवस थांबा. दोन डोसमधलं अंतर कमीत कमी चार आठवडे, वर हे २८ दिवस, म्हणजे माणूस दोन महिने बाद. आणि १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती. रक्त देणारी तीच तर पोरं! तेव्हा जो तो ओरडत होता, आधी रक्त द्या, मग लस घ्या. ५ मेला नियम बदलून प्रत्येक डोसनंतर १४ दिवस केला. दोनेक महिन्यांत २८ चे १४ झाले, म्हणजे आधीचे २८ कुठनं आणले होते?

वडगावची_माई | मंगळवार, सकाळी ९:०२
निपाणीकर दादा, नवीन लस होती, घाबरून जास्त दिवस ठेवले असतील. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करण्यापेक्षा आधीच बारीक ठेवलेला बरा.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ९:१०
माई, मान्य. खरं इतका बारीक ठेवला की दूध तापलंच नाही.

चंदगडी | मंगळवार, दुपारी १:३०
निपाणीकरांनी २०२१ काढलं म्हणून लिहितो. एप्रिल महिना. आईचं ऑपरेशन बेळगावात, दवाखान्याचं नाव घेत नाही. ब्लड बँकेनं सांगितलं, दोन पिशव्या देतो, बदली दोन डोनर आणा. आमचं गाव शिनोळीच्या पलीकडं, म्हणजे महाराष्ट्र. एरवी बाजाराला बेळगावला जातो तसं सगळं गाव येतं. तेव्हा हद्दीवर आरटीपीसीआरचा कागद मागत होते. दोन चुलते कसेबसे कागद घेऊन पोचले, आणि दोघांचाही कोव्हिशील्डचा पहिला डोस आठवड्यापूर्वी झालेला. बाद. मी स्वतः नुकताच कोविडमधून उठलेला. मीही बाद.

ब्लड बँकेच्या पायरीवर बसलो होतो. शेजारी एक माणूस त्याच्या मेहुण्याला घेऊन आलेला, त्याचं काम झालं होतं. त्यानं विचारलं, काय झालं वो? सांगितलं. तो काही बोलला नाही, हातातला डबा माझ्याकडं दिला आणि आत गेला. वडगावात मागावर काम करणारा. बाहेर आल्यावर ज्यूस नको म्हणाला, तिथंच डबा उघडून भाकरी आणि झुणका खाल्ला आणि सायकलवरनं कामाला गेला. नाव विचारायचं राहिलं. डबा अर्धा तास माझ्या मांडीवर होता, झाकणावर 'मा' असं कोरलेलं होतं, एवढंच लक्षात आहे.

दुसऱ्या पिशवीचं काय झालं ते सांगितलं तर धागा भांडणावर जाईल.

लॅबमधला | मंगळवार, दुपारी ४:१०
चंदगडी, आई बऱ्या आहेत ना? त्या भल्या माणसाला नमस्कार. खरं बाकीच्यांनी तसं करू नका. रक्त दिल्यावर पंधरा-वीस मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, त्या दिवशी जड काम आणि लांब सायकल नको.

चंदगडी | मंगळवार, दुपारी ४:३०
आई ठणठणीत. आता माझ्यावरच ओरडालीय, मोबाइल ठेव म्हणून.

शंकासूर | मंगळवार, सायंकाळी ७:००
सगळे डॉक्टरच झालेत. त्या फोन करणाऱ्या मुलाला हसालाय, त्याचं काय चुकलं? लशीनंतर किती जणांना काय काय झालं ते आपण बघितलंय. ज्याच्या अंगात लस, त्याचं रक्त माझ्या बापाला नको असं म्हणायचा हक्क नाही काय? मी तर सांगून ठेवलंय, वेळ आली तर माझ्या भावाचंच रक्त चढवा.

लॅबमधला | मंगळवार, रात्री १०:१५
शंकासूर, हसत कुणी नाही. बापासाठी माणूस घाबरतोच.

आपल्याकडं बहुतेकांनी कोव्हिशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन घेतली. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा एक विषाणू, अंगात वाढू शकणार नाही असा केलेला. दोन्ही दंडात टोचतात आणि शरीर त्यांचा निकाल लावतं. इतक्या वर्षांनी त्या माणसाच्या पिशवीत लस नसते. असल्या तर अँटिबॉडी असतात, आणि त्या लस न घेतलेल्याच्या रक्तातही असतात, कारण कोविड कुणाला सोडून गेलाय? म्हणूनच पिशवीवर रक्तगट लिहितो, तारीख लिहितो, तपासण्या झाल्याचं लिहितो. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया, या पाच. लशीचा रकाना नाही. 'लस न घेतलेलं रक्त' असा माल कुठल्याच फ्रिजमध्ये नाही.

लशीचे दुष्परिणाम अजिबात नाहीत असं मी म्हणत नाही. कोव्हिशील्डनं क्वचित कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या, ते खरंच आहे. खरं तो त्या माणसाच्या शरीराचा लशीला दिलेला प्रतिसाद. पिशवीतनं दुसऱ्याला लागावा असा तो रोग नव्हे.

आता भावाचं रक्त. हे ऐकून तुम्हाला धक्का बसेल. सख्ख्या नात्यातलं रक्त उलट जास्त जोखमीचं. देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या पेशींसारख्याच दिसतात, पेशंटचं शरीर त्यांना परकं समजून मारत नाही, आणि त्या आत राहून पेशंटवरच उलटतात. फार क्वचित होतं, झालं तर बहुतेक वेळा माणूस जातो. म्हणून जवळच्या नातेवाइकाचं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्या पिशवीला किरणांचा मारा देतात. परक्याचं रक्त बरं.

दुसरं_रेल्वेगेट | मंगळवार, रात्री १०:२२
भाऊ पेशीपातळीवरपण उलटतो हे आज कळलं. आमच्या वाटणीच्या दाव्यात जोडतो हा प्रतिसाद.

शंकासूर | मंगळवार, रात्री १०:५०
भावाचं माहीत नव्हतं. बाकीचं पटलं असं नाही. वाचालोय.

सकाळचा_फेरफटका | बुधवार, सकाळी ७:३०
अवांतर होईल, खरं बेळगावात बसून लशीवर बोलतोय आणि व्हॅक्सिन डेपोचं नाव कुणी काढलं नाही? टिळकवाडीत रोज शेकडो लोक त्या झाडांखाली फिरतात, पोरं क्रिकेट खेळतात. नाव असं का, ते विचारलं तर निम्म्यांना एसटीच्या डेपोसारखं काहीतरी वाटतं. अहो, तिथं देवीची लस तयार व्हायची! वासराच्या कातडीवर विषाणू वाढवायचा आणि खरवडून त्याची लस करायची. देवी निर्मूलनाच्या काळात कोरडी, उन्हाळ्यात टिकणारी लस बनवणारी देशात चार ठिकाणं होती. नैनितालजवळचं पटवाडांगर, हैदराबाद, मद्रासचं गिंडी आणि आपलं बेळगाव. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, त्यात आपल्या वासरांचा वाटा आहे.

माझ्या दंडावरचा वण अजून आहे. सकाळी फिरताना बाही वर करतो.

म्हशीवाला | बुधवार, सकाळी ७:५५
म्हणजे वासरू रक्तदानाला पात्र. माझी म्हैस उगाच बाद केलीत.

लॅबमधला | बुधवार, सकाळी ८:२०
ती जिवंत विषाणूची लस होती फेरफटका काका, तेव्हा वासरूही बाद.

वडगावची_माई | बुधवार, सकाळी ११:४०
लशीचं राहू दे, बायकांचं कुणी बोलत नाही. पाळीत नको, गरोदर असताना नको, बाळंतपणानंतर वर्षभर नको, अंगावर पाजत असेल तोवर नको. पुरुषांनी नव्वद दिवसांनी द्यायचं, आम्ही एकशेवीस. एवढ्या सगळ्यातनं सवड काढून गेलं की तो निळा ग्लास!

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. बोटाला सुई टोचतात, बारीक नळीत रक्त घेतात आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात वरनं एक थेंब सोडतात. थेंब सरळ बुडाला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, जा आत. माझा थेंब दोन वेळा मधेच थांबला. खाली जाईना, वर येईना. लाल मणी लोंबकळल्यासारखा. ती टेक्निशियन पोरगी आणि मी, दोघी वाकून बघालोय. शेवटी तो हळूच वर आला. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, मी चप्पल घातली.

चार महिने गूळ-शेंगदाणे, नाचणी, राजगिरा, आणि डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या. तिसऱ्यांदा थेंब दगडासारखा खाली गेला. शेजारच्या खुर्चीवरच्या पोरानं टाळी वाजवली.

अनगोळकर | बुधवार, दुपारी १२:१०
माई, __/\__. आमच्या शिबिरात बायका फक्त सहा होत्या, चौघींचा थेंब वर आला.

हिशोबी | बुधवार, दुपारी ३:००
मला एक सांगा, आपण रक्त फुकट देतो, मग पेशंटकडनं पैसे कशाचे? मागच्या वर्षी एका पिशवीला मी १५५० रुपये भरले.

लॅबमधला | बुधवार, रात्री ९:३०
रक्ताचे नाहीत, प्रक्रियेचे. पिशवी, पाच तपासण्या, थंड साठवण, माणसं. २०२२ पासून सरकारी पेढीला ११०० आणि खासगीला १५५० ही कमाल मर्यादा आहे. त्यावर जादा मागितलं तर पावती घ्या आणि भांडा. रक्त विकणाऱ्या डोनरांवर तर १९९८ पासूनच बंदी आहे.

आता अनगोळकरांचा दुसरा प्रश्न, जो सगळे विसरलेत. तुटवडा लशीमुळे होतो काय? माझं मत, नाही. त्या नऊतल्या आठ जणांना फार तर महिनाभर थांबायचं होतं. तेवढ्यात रक्त आटत नाही. खरं परत पाठवलेला माणूस परत येत नाही, हे मी वीस वर्षं बघालोय. त्याच्या डोक्यात 'चौदा दिवसांनी ये' राहत नाही, 'आपलं रक्त चालत नाही' एवढंच राहतं. मग तो पुढच्या शिबिरालाही घरीच बसतो.

आणि दुसरं, तुम्हा मंडळांचं चुकतं. सगळ्यांची शिबिरं गणपतीच्या आधी पंधरा दिवसांत. तांबड्या पेशी टिकतात ३५ दिवस, चांगल्या द्रावणात ४२. प्लेटलेट तर फक्त ५. ऑगस्टमध्ये आमचे फ्रिज ओसंडतात आणि एप्रिल-मे मध्ये पोरांच्या परीक्षा, लग्नसराई, ऊन, तेव्हा मी नातेवाइकांची तोंडं बघत बसतो. थॅलेसेमियाच्या पोरांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, ती काय गणपती बघून आजारी पडतात काय?

पावसाळ्यात डेंगूनं प्लेटलेटची मागणी वाढते, आणि डेंगू होऊन गेलेला माणूस सहा महिने देऊ शकत नाही. म्हणजे गिऱ्हाईक वाढतं तेव्हाच दुकानदार कमी.

निपाणीकर | बुधवार, रात्री ९:५८
चौदा दिवसांवरचा माझा आक्षेप कायम ठेवून हा प्रतिसाद चिकटवून ठेवावा अशी विनंती.

सीमावासी६८ | बुधवार, रात्री १०:२०
वयाची अट १८ ते ६५. पहिल्यांदा देणाऱ्याला ६० च. आपला सीमाप्रश्न १९५६ चा, तो कधीच बाद झाला. आता नुसता दुसऱ्यांचं रक्त आटवालाय.

संपादक | बुधवार, रात्री १०:२४
सीमाप्रश्नासाठी वेगळे बावीस धागे आहेत. इथं नको.

सीमावासी६८ | बुधवार, रात्री १०:२६
बघा, इथंपण हद्दपार.

अनगोळकर | गुरुवार, रात्री ८:४५
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगतो. पुढच्या वर्षीपासून फलकावर फक्त 'रक्तदान श्रेष्ठदान' नको. आठवडाभर आधी सगळ्या ग्रुपवर टाकायचं की महिन्याभरात कुठलं इंजेक्शन घेतलंय काय, सहा महिन्यांत डेंगू झालाय काय, वर्षभरात कुत्रं चावलंय काय. आणि शिबिर दोन वेळा, एक एप्रिलमध्ये. मंडळाच्या बैठकीत यावर खडाजंगी होणार, कारण एप्रिलमध्ये वर्गणी नसते. त्या आठ जणांच्या तारखा वहीत लिहून घेतल्यात. एकेकाला फोन करतो.

फोनवाल्या मुलाला लॅबमधल्याचा प्रतिसाद पाठवला. त्यानं वाचला, निळी खूण दिसतेय. उत्तर नाही.

अनगोळकर | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:०५
धागा वर काढतोय. आठ जणांना फोन केले. दोघांनी उचललाच नाही, एक म्हणाला बघतो, एक पुण्याला गेला. नर्सिंगची मुलगी अजून आठवडाभर थांबणार आहे. खिळेवाला आणि आणखी एकजण गेल्या रविवारी देऊन आले. फ्लूवाले काका आज. मी गाडीवरनं घेऊन गेलो, वाटेत एक शब्द बोलले नाहीत. खुर्चीवर आडवे झाल्यावर स्पंजचा चेंडू दाबत म्हणाले, "अठ्ठेचाळीस. लिहून ठेव. त्या दिवशीच घेतलं असतं तर तुझं पेट्रोल वाचलं असतं."

चंदगडी | रविवार, दुपारी १:२०
आठात तीन म्हणजे वाईट नाही. काकांना कुंदा द्या माझ्यातर्फे.

लॅबमधला | रविवार, दुपारी १:३२
कुंदा नंतर. आधी पाणी.

म्हशीवाला | रविवार, दुपारी १:४०
आणि म्हशीचे २१ दिवस आज भरले. कुठं आणू?